घेतले कुणाकडून, दिले कुणाला?

(दातिवरे येथे तरुणांसमोर केलेल्या भाषणाचा संपादित भाग)



‘आम्ही गरीब, आम्ही कुठे कर भरतो?’ हे मी वस्तीवस्तीत ऐकते. पण २३६ रुपयांचा मोबाइल रिचार्ज केलात, तर त्यातले ३६ रुपये जीएसटीचे असतात. इथल्या बोटीवरचा खलाशी तेवढेच भरतो आणि तारापूरच्या कारखान्यातला मॅनेजरही तेवढेच. खलाशाच्या कमाईला मात्र ते जास्त जड जातात. म्हणून प्रत्येक कराला आणि योजनेला दोन प्रश्न विचारा : पैसे घेतले कुणाकडून? दिले कुणाला?

सफाळ्याहून गाडी पकडून बोईसरला कामाला जाणाऱ्यांनी पगाराची स्लिप काढून बघावी. व्यवसाय कर कापलेला दिसेल. महाराष्ट्राने हा कर १९७५ साली रोजगार हमी योजनेसाठी बसवला. १९७२च्या दुष्काळात खेड्यातल्या मजुराच्या हाताला काम उरले नव्हते. वि. स. पागे यांनी मांडलेल्या या योजनेला हक्काचा पैसा हवा होता. पगारदाराने कर द्यायचा, सरकारने तेवढीच भर घालायची आणि त्यातून खेड्यात काम द्यायचे, अशी रचना होती. १९७७ साली कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९पासून लागू झाला. काम मागणे हा हक्क ठरला.

इथे देण्याची बाजू चांगली, घेण्याची लंगडी. हा कर वर्षाला २,५०० रुपयांपेक्षा जास्त घेता येत नाही, ही घटनेचीच मर्यादा. त्यामुळे महिना १२ हजार मिळवणारा पुरुष कामगार जेवढा भरतो, तेवढाच सव्वा लाखवाला साहेब भरतो.

आता ईएसआयची ओळ बघा. कामगाराचा हप्ता पगाराच्या पाऊण टक्का, मालकाचा सव्वातीन टक्के. १२ हजारांवर तुमचे ९० रुपये, मालकाचे ३९०. वीस हजारवाल्याचे १५० कापले जातात, पण दवाखान्यात दोघांना उपचार सारखेच. हप्ता पगाराप्रमाणे, उपचार आजाराप्रमाणे. दोन्ही बाजू नीट आहेत. म्हणूनच ठेकेदाराकडे असाल, तर कापलेला हप्ता खरोखर भरला जातो का, हे तपासा.

मच्छीमारांना डिझेलवरच्या कराचा परतावा संस्थेमार्फत मिळतो, तो बोटमालकाच्या नावावर. वाटे पाडण्याआधी डिझेलचा खर्च वजा होत असेल, तर परताव्यातही खलाशाचा वाटा धरायला हवा.

आपल्याला जकात माहीत आहे. निसाबाच्या वर बचत असेल त्याने अडीच टक्के द्यायचे आणि ते गरजूला पोचायचे. दोन्ही प्रश्नांची उत्तरे त्यात आहेत. पण जकात कुणाच्या घरी पोचेल, हे देणाऱ्यावर असते. संजय गांधी निराधार योजनेचे दरमहा १,५०० रुपये पात्र विधवा तहसील कार्यालयात अर्ज करून मागू शकते. अर्ज नाकारला, तर लेखी कारण विचारू शकते. तिथे ती कुणाच्या उपकाराखाली नसते. साबणाच्या वडीपासून काडेपेटीपर्यंत सगळ्यावर तिनेही कर भरलेला असतो.

सरकारी मदत घ्यायची लाज वाटते, असे काही घरांत म्हणतात. त्यांना एवढेच सांगा : आपण आधी भरले आहे, आता हिशेब मागतो आहोत. या आठवड्यात प्रत्येकाने आपल्या गल्लीतल्या एका घराची रेशनकार्डावरची नावे तपासावीत. एखादे मूल, एखादी सून राहून गेली असेल, तर अर्ज तुम्ही लिहून द्या.