श्रद्धेची मिरास



आपल्या जुन्या दख्खनी गावगाड्यात जमीन कसणाऱ्यांचे दोन वर्ग असत. वाडवडिलांपासून चालत आलेल्या हक्काने जमीन धारण करणारा तो मिरासदार, आणि परगावाहून येऊन, कबुलायत लिहून देऊन कसणारा तो उपरी. मिरासदाराचे गावच्या मानपानातले स्थान पक्के असे. उपरी कितीही कष्टाळू निघाला तरी कुळकर्ण्याच्या दफ्तरी त्याची नोंद उपरी म्हणूनच होई. धर्मश्रद्धा मनुष्याच्या ठिकाणी येते कोठून, या प्रश्नाचा विचार करू लागलो की मला हा जुना दस्तुर हटकून आठवतो. आपण बहुतेक सर्व जण श्रद्धेचे मिरासदार आहोत. कोणत्या देवापुढे हात जोडावयाचे, कोणत्या दिवशी उपाशी राहावयाचे आणि मेल्यावर आपल्या देहाचे काय व्हावयाचे, याचा फेरफार आपल्याला अक्षरओळख होण्यापूर्वीच आपल्या नावावर झालेला असतो.

माझी आजी मला बोटाला धरून नगरच्या माळीवाड्यातील विशाल गणपतीला नेई, आणि तीच आजी मोहरमच्या दिवसांत सवारी घरावरून निघाली की तांब्याभर पाणी तिच्यापुढे घालून मला हात जोडावयास लावी. या दोन कृतींत काही विरोध आहे असे तिला कधी वाटले नाही, आणि म्हणून मलाही वाटले नाही. एक आपले आणि दुसरे परक्यांचे, हा भेद मला पुढे शाळेत एका सोबत्याने शिकविला. घरचा संस्कार प्रथम हातांना आणि गुडघ्यांना वळण लावतो, आणि त्या वळणाचा अर्थ पुष्कळ मागाहून, कित्येकदा भलत्याच माणसाकडून, कळतो. तोवर वळण हाडांत मुरलेले असते.

मग ज्यांनी ही मिरास सोडली त्यांचे काय? या प्रश्नाचे उत्तर शोधावयास नगरकरांना दूर जावे लागत नाही. रेव्हरंड नारायण वामन टिळक आणि लक्ष्मीबाई या दांपत्याचा संसार याच जिल्ह्यात, राहुरीत आणि नगरात, झाला. कोकणस्थ ब्राह्मणाच्या घरी 1861 साली जन्मलेला, संस्कृतात पारंगत, कीर्तन आणि कविता यांत रमणारा हा पुरुष 1893 च्या सुमारास आगगाडीच्या प्रवासात एका युरोपीय सहप्रवाशाने दिलेला बायबलचा नवा करार वाचू लागतो, गिरिप्रवचनापाशी थबकतो, आणि 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतो. हकीकत अशी थोडक्यात सांगितली की वाटते, एका पुस्तकाने माणूस बदलला. परंतु पुस्तक हाती पडण्यापूर्वी कित्येक वर्षे टिळक अस्वस्थपणे गावोगाव हिंडत होते, जातिभेदाने पोखरलेल्या समाजाला एकत्र बांधील असा एखादा नवा धर्मच काढावा असे मनोरथ रचीत होते. प्रश्न आधीच तयार होता, आणि तो ज्या भूमीत उगवला ती भूमी संतवाङ्मयाची होती. आपण तुकोबांच्या सेतूवरून ख्रिस्ताकडे आलो, असे ते स्वतःच सांगत. आणि ख्रिस्ती झाल्यावर त्यांनी जे लिहिले त्यातले पुष्कळसे अभंग आणि ओव्या या छंदांत लिहिले. देवाचे नाव बदलले; त्याला हाक मारण्याचा सूर मात्र लहानपणी कानावर पडलेलाच राहिला.

लक्ष्मीबाईंची वाट याहून वेगळी, आणि माझ्या मते अधिक खडतर. 1857 च्या धामधुमीत घरातील एका वडीलधाऱ्याला फाशी झाली आणि त्या धक्क्याने त्यांच्या वडिलांना सोवळ्याचे वेड लागले. बाजारातून आलेली वस्तू धुतल्यावाचून घरात घ्यावयाची नाही, अशा त्या घरातील शिस्तीत ही मुलगी वाढली. पतीच्या धर्मांतराची वार्ता आली तेव्हा तिच्यावर आकाश कोसळले. काही काळ तिने नातलगांच्या आश्रयाने, पंढरपुरासारख्या ठिकाणी, काढला. पुढे ती नगरास आली तरी आपले पाणी आणि आपली चूल निराळी ठेवून राहिली. पतीने सक्ती केली नाही. वर्षे गेली, आणि एके दिवशी तिने स्वतःशीच हा कज्जा निवाड्यास आणला, की हा जातिभेद देवाने केला की माणसाने? जन्मणे सारखे, मरणे सारखे, मग पाणी तेवढे निराळे कसे? असा विचार पक्का झाल्यावर तिने प्रथम कोणाच्याही हातचे पाणी पिण्याचा निश्चय केला, आणि बाप्तिस्मा त्यानंतर, पतीच्या मागून सुमारे पाच वर्षांनी, घेतला.

हा क्रम ध्यानात घेण्यासारखा आहे. टिळकांचे मत प्रथम बदलले आणि आचार मागाहून. लक्ष्मीबाईंचा आचार प्रथम मोकळा झाला आणि श्रद्धेला तेव्हा वाट मिळाली. जिचे बालपण सोवळ्याच्या ओझ्याखाली गेले तिची सुटकाही पाण्याच्या घोटातूनच व्हावी, यात मला संस्काराचे सामर्थ्य दिसते आणि त्याची सीमाही दिसते. संस्काराने तिचा प्रश्न ठरविला. उत्तर तिचे तिने दिले. 1934 पासून प्रसिद्ध होऊ लागलेल्या 'स्मृतिचित्रे'त तिने हे सारे ज्या निर्मळ मराठीत सांगितले आहे, ती मराठी कोणत्याही मिशनच्या शाळेत शिकविली जात नव्हती. ती तिच्या माहेरच्या माजघरातली होती. आणि टिळक दांपत्याच्या घरात पुत्रासारखा वावरलेला एक तरुण कवी, त्र्यंबक बापूजी ठोंबरे, म्हणजे आपले बालकवी, टिळकांची माया घेऊनही ख्रिस्ती झाला नाही. त्यामुळे त्याला त्या घरी काही उणे पडले नाही.

सुशिक्षितांच्या धर्मांतराविषयी आपण आदराने बोलतो, परंतु आपल्या खेड्यांतील ज्या हजारो महार-मांग कुटुंबांनी ख्रिस्ताचा मार्ग धरला त्यांच्याविषयी बोलताना आपला स्वर पालटतो. अमेरिकन मराठी मिशनने नगरास ठाणे दिले ते 1831 साली. पुढे 1876 ते 1878 चा भयंकर दुष्काळ पडला, आणि या लोकांनी भाकरीसाठी धर्म विकला, असे त्या काळापासून आजतागायत म्हटले जाते. हा आक्षेप मला अन्यायाचा वाटतो. भाकरीचा मोह नव्हताच असे मी म्हणत नाही. परंतु ज्याला गावच्या विहिरीला शिवू दिले नाही, देवळाची पायरी चढू दिली नाही, त्याच्या नावावर धर्माची कोणती मिरास होती, की ती त्याने विकली? त्याला प्रथमच कोणी शाळेत बसविले, नाव विचारले, शेजारी जागा दिली. माणूस म्हणून मोजले जाण्याची भूक ही धर्माच्या बाहेरची भूक आहे असे ज्याला वाटत असेल, त्याने ती भूक भोगलेली नाही. आपल्या कोपरगावच्या शिवेपलीकडील येवल्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 13 ऑक्टोबर 1935 रोजी हिंदू म्हणून मरणार नाही अशी घोषणा केली, आणि 14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपुरास बुद्धाची दीक्षा घेतली. मधली एकवीस वर्षे त्यांनी अभ्यासात आणि तुलनेत घालविली. भुकेपोटी धर्म बदलणारा मनुष्य एकवीस वर्षे थांबत नाही.

आणि काहींनी तर मिरास न सोडता दुसऱ्याच्या शेतात पीक काढले. श्रीगोंद्याचे शेख महंमद मुसलमान घराण्यात जन्मले, त्यांनी आपले नाव टाकले नाही, आणि 'योगसंग्राम' हा ग्रंथ मराठीत रचून ते संतमंडळीत जाऊन बसले. शिर्डीच्या साईबाबांनी तर आपल्या जन्माचा दाखलाच कोणाला दिला नाही. मशिदीत राहावे, तिला द्वारकामाई म्हणावे, तिथेच धुनी पेटती ठेवावी, अशी त्यांची रीत. पाहणाऱ्याने मग आपापल्या घरच्या संस्काराप्रमाणे त्यांना फकीर म्हटले किंवा अवतार म्हटले.

शेवटी मिरासदारांच्या एका विस्मृतीकडे लक्ष वेधतो. जी श्रद्धा पहिल्या पिढीने आप्तांचे शिव्याशाप सोसून निवडली, ती तिसऱ्या पिढीला आयतीच मिळते. त्या पिढीचा फेरफारही अक्षरओळखीपूर्वीच होतो. आज नगरच्या चर्चमध्ये टिळकांची भजने गाणारी मुले आणि पंढरीच्या वाटेवर टाळ वाजविणारी मुले या बाबतीत सारखीच आहेत. दोघांच्याही कोणा पूर्वजाने केव्हा तरी स्वतः शोधून, कदाचित घरादाराचा रोष पत्करून, ते पाऊल टाकले होते.

म्हणून येथे बसलेल्या आईबापांना माझी एक विनंती आहे. आपल्या मुलांना आपली श्रद्धा अवश्य द्या. रिकाम्या हाताने कोणालाही शोधास निघता येत नाही. परंतु त्यांपैकी एखादे मूल उद्या दारात उभे राहून म्हणाले की मला निराळे वाटू लागले आहे, तर टिळकांनी लक्ष्मीबाईंना जेवढी वर्षे दिली तेवढी त्याला द्या, आणि तोवर त्याचे ताट तुमच्या ताटाशेजारीच मांडलेले असू द्या.