बाहेरच्या भिंतीची वीट आपणच पारखू

दिवाळी झाली, शेतातली कामं जरा उरकली की गावात घरांची बांधकामं निघतात. आपल्या गटांतल्या काही जणींची घरकुलंही मंजूर झाली आहेत. म्हणून आज विटांबद्दल बोलू या.

वीट बघणं हे पुरुषांचं काम, असं आम्हीही समजत होतो. मग आमच्या गटातल्या एका ताईंनी घर बांधलं. त्यासाठी गटाकडून 40 हजार रुपये कर्ज घेतलं. ताई मजुरीला गेल्या होत्या तेव्हा ट्रॉली आली, विटा उतरल्या, पैसेही दिले गेले. वीट स्वस्त पडली, पण पिवळट आणि कच्ची होती. पहिल्याच पावसाळ्यात पश्चिमेची भिंत आतून ओली झाली. धान्याची पोती खोलीच्या मध्ये ओढावी लागली. पुढं प्लास्टर सुटलं. कर्जाचे हप्ते चालूच, आणि भिंत पुन्हा खर्चाला आली. तेव्हा बैठकीत आम्ही ठरवलं, वीट आपण बघायची आणि इसार देण्याआधी बघायची.

आतल्या भिंतीवर पाऊस पडत नाही. बाहेरची भिंत ऊन, पाऊस दोन्ही सोसते. आपल्याकडे पावसाचा मारा बहुतेक पश्चिम-नैर्ऋत्येकडून येतो. म्हणून थोडं डावंउजवं करावंच लागलं, तर अव्वल वीट बाहेरच्या भिंतीला ठेवा.

पारखायची कशी? भट्टीवर ढिगाच्या वरच्याच नाही, मधल्या आणि खालच्याही मिळून पाच-सहा विटा काढा. रंग सगळीकडे सारखा तांबडा हवा. दोन विटा एकमेकींवर वाजवा, खणखणीत आवाज आला पाहिजे. बद्द आवाज आला तर वीट कच्ची किंवा तडकलेली. नखानं ओरखडा उठता कामा नये. कमरेएवढ्या उंचीवरून मातीच्या जमिनीवर टाकली तर फुटू नये. एक वीट फोडून बघा. आत खडे, चुनखडीचे गोटे नकोत. चुनखडी पाण्यानं फुगते आणि वीट उकलते. जास्त भाजून वाकडी झालेली खंगर वीटही भिंतीला नको, ती ओळीत बसत नाही.

आता खरी परीक्षा पाण्याची. पाच कोरड्या विटा घरी आणून वजन करा. 24 तास पाण्यात बुडवून ठेवा. मग पुसून पुन्हा वजन करा. नेहमीच्या विटेनं आपल्या वजनाच्या पाचव्या हिश्श्याहून जास्त पाणी पिऊ नये, असं भारतीय मानक सांगतं. म्हणजे 3 किलोची वीट 3 किलो 600 ग्रॅमच्या वर जाऊ नये. वाळल्यावर विटेवर मिठासारखा पांढरा थर आला, तर तोच पुढं भिंतीवर लोणा म्हणून दिसणार.

टेप बरोबर न्या. भाव हजारावर ठरतो, पण माप प्रत्येक भट्टीचं वेगळं. 9 इंच लांबीच्या हजार विटांचं काम 8 इंची विटांनी करायला सव्वाअकराशे लागतात. स्वस्त वाटलेली वीट अशी महाग पडते.

ट्रॉली आली की रिकामी होण्याआधी चार विटा वाजवून बघा. नमुन्यासारखी नसेल तर परत न्यायची, हे भट्टीवाल्याशी आधीच बोलून ठेवा. गवंडीदादांनाही सांगा, वीट भिजवूनच लावा. कोरडी वीट मालातलं पाणी ओढून घेते आणि सांधा कच्चा राहतो. बांधलेल्या भिंतीवर निदान सात दिवस पाणी मारायचं. ते तर बहुतेक घरी आपणच मारतो.

त्या ताई आता दुसऱ्यांच्या विटा वाजवून देतात. येत्या बैठकीला, ज्यांचं बांधकाम निघणार आहे त्यांनी पाच-पाच विटा घेऊन या. काटा आणि बादली आम्ही आणतो.