मार्थेचा रविवार



'ख्रिस्ती जीवनातील सेवा आणि विसावा' हा विषय आम्हांला दिला, तेव्हा काही मित्र हसले. मोर्चे काढणाऱ्याने विसाव्यावर काय बोलावे? पण हा प्रश्न मठापेक्षा कामगाराच्या घरात अधिक निकडीचा आहे, असे आमचे मत आहे.

लूकच्या शुभवर्तमानात मार्था आणि मारिया या बहिणींची गोष्ट येते. येशू घरी आला. मारिया त्याच्या पायाशी ऐकत बसली. मार्था पाहुणचाराच्या धांदलीत एकटी पडली आणि तिने तक्रार केली. प्रवचनात बहुधा मारियेची वाहवा होते. मार्था बिचारी उगीच ओशाळते! येशूने तिच्या कामाला नावे ठेवली नाहीत. तिच्या मनाची जी ओढाताण चालली होती, तिच्यावर बोट ठेवले. जेवण तर सर्वांनाच हवे होते. मग मार्थेने बसावे केव्हा?

याचे उत्तर जुन्या करारातील 'अनुवाद' या ग्रंथात सापडते, आणि ते कोणत्याही युनियनच्या मागणीपत्रात शोभेल असे आहे. तेथे शब्बाथाचा विसावा घरधन्याबरोबर दास, दासी, परका, बैल, गाढव यांनाही सांगितला आहे. कारणही दिले आहे: तुम्ही स्वतः मिसर देशात गुलाम होता, याची आठवण ठेवा.

मुंबईच्या गिरणी कामगाराला हा विसावा भांडून मिळवावा लागला. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली साप्ताहिक सुट्टीची मागणी मांडली. १० जून १८९० रोजी मालकांनी ती मान्य केली. लोखंडे सत्यशोधक होते, आणि रविवार हा खंडोबाचा वार. वार कोणाचा का असेना, गिरणीचा भोंगा त्या दिवशी थांबला.

सुट्टी मिळाली म्हणजे विसावा मिळाला, असे मात्र होत नाही. येथे पंडिता रमाबाई आठवतात. १८९६-९७ च्या दुष्काळात त्यांनी शेकडो मुलींना आसरा दिला. केडगावला मुक्तिसदन उभे राहिले. शेती आली, छापखाना आला. इतका पसारा असता १९०५ साली तेथे प्रार्थनेची मोठी लाट उसळली. पुढे बाईंनी मूळ हिब्रू-ग्रीकवरून बायबलचे मराठी भाषांतर केले, आणि ५ एप्रिल १९२२ रोजी निधन होईपर्यंत त्या त्याच कामात होत्या. यातली सेवा कोणती आणि उपासना कोणती, हे आम्हांला तरी वेगळे काढता येत नाही. दूर कशाला, आपल्या नंदाखालचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो घ्या. हरित वसईच्या चळवळीत रस्त्यावर उतरलेल्या याच माणसाने 'सुबोध बायबल' लिहिले. कॅथलिक धर्मगुरूला नेमाची प्रार्थना रोज असते. मोर्चा आहे म्हणून ती चुकवायची नसते.

आता आपल्या मनवेलपाड्याकडे या. पहाटेची लोकल धरणाऱ्याला, रात्रपाळीच्या परिचारिकेला, पहारेकऱ्याला रविवार मिळेलच असे नाही. चर्चने हे ओळखले आहे. शनिवारच्या सायंकाळची मिस्साही रविवारची धरली जाते. युनियनने बदली सुट्टीसाठी भांडावे, ते आमचे कामच आहे. पण घरातल्या मार्थेची मागणी कोणत्या मालकापुढे ठेवायची? मिस्सेहून परतल्यावर सगळे घर टेकते आणि ती चुलीशी उभी राहते. येत्या रविवारी भाकऱ्या कोण भाजणार, हे आज रात्री घरी ठरवा. पुरुषमंडळींना भाजता येत नसतील, तर शनिवारपर्यंत शिकायला वेळ आहे.