'पिकअप कर' मधलं 'पिकअप' फोडा

हेडफोन लावलेत ना? आज इंग्रजी. थांबा, लगेच पुढचा भाग लावू नका. व्याकरणाचा तास नाहीये हा. माझी फजिती आधी ऐका, मग ठरवा.

नोकरीचं पहिलं वर्ष. अमेरिकेतल्या क्लायंटबरोबर कॉल सुरू होता. त्यांनी सिस्टम हलवायचा एक प्लॅन केला होता आणि ते काम माझ्याकडे आलं. मला म्हणायचं होतं, 'काळजी करू नका, मी हे शेवटपर्यंत तडीस नेतो.' मी मोठ्या आत्मविश्वासाने म्हणालो, 'आय विल सी थ्रू इट.'

दोन सेकंद शांतता. मग तिकडून कोणीतरी हसलं.

कॉल संपल्यावर मॅनेजरने सांगितलं, 'अरे, तू म्हणालास की तुमच्या प्लॅनमागची बनवाबनवी मी ओळखेन!' मला म्हणायचं होतं 'सी इट थ्रू'. शब्द तेच तीन. फक्त 'इट' ची जागा चुकली.

हसण्यावारी गेलं म्हणा, पण त्यानंतर दोन महिने मी कॉलवर म्यूटच राहिलो. काम मी करायचो, सांगायचा दुसराच. आपल्यातली किती पोरं अशी म्यूटवर बसलेली असतात, तुम्हाला माहितीये. म्हणून हा भाग.

आता ही चूक येते कुठून? मी पौडचा. गावाकडे काय, पुण्यात काय, आपण सगळे सर्रास म्हणतो, 'मला पौडवरून पिकअप कर.' आणि मित्र पौड फाट्यावर जाऊन थांबतो, जो कोथरूडजवळ आहे, तो विषय वेगळा! तर 'पिकअप कर', 'स्विचऑफ कर', 'सेटअप कर', 'शटडाउन कर'. मराठीत घेताना आपण दोन शब्द डिंकाने चिकटवले, पुढे 'कर' लावलं, झालं काम. त्यात चूक काहीच नाही. मराठीला ते असंच सोयीचं आहे.

घोळ परत जाताना होतो. इंग्रजी बोलायला लागलो की तो चिकटलेला गोळा आपण तसाच उचलतो आणि म्हणतो, 'पिकअप मी', 'स्विचऑफ इट', 'सेटअप इट'. इंग्रजीत तो गोळा नसतो. तिथे ते दोन सुटे शब्द आहेत आणि त्यांच्यामध्ये जागा आहे.

त्या जागेचा नियम छोटा आहे. वस्तूचं नाव घेतलं तर ते मध्ये ठेवा नाहीतर शेवटी, दोन्ही चालतं. 'स्विच ऑफ द मोटर' बरोबर, 'स्विच द मोटर ऑफ' पण बरोबर. पण नावाऐवजी सर्वनाम आलं, म्हणजे इट, हिम, हर, मी, देम, तर ते मध्येच. 'स्विच इट ऑफ.' 'पिक मी अप.' 'कॉल हिम बॅक.'

असं का? हे वाचत असाल तर मोठ्याने म्हणून बघा: स्विच इट ऑफ. आवाजाचा जोर 'ऑफ' वर पडला ना? इंग्रजी वाक्यात महत्त्वाची, नवी गोष्ट शेवटाकडे सरकते. 'इट' म्हणजे काय हे दोघांनाही आधीच माहीत असतं. म्हणून ते मध्ये, हलक्या आवाजात उरकतात. उलट नाव लांबलचक असेल, 'विहिरीवरची काल दुरुस्त केलेली मोटर' असं, तर ते शेवटीच टाकतात.

आणि हो, 'इट' गाळू नका. मराठीत 'बंद कर' एवढं पुरतं. इंग्रजीत नुसतं 'प्लीज स्विच ऑफ' म्हटलं की वाक्य अर्धवट वाटतं.

इथे तुम्ही म्हणाल, मग 'लुक अ‍ॅट हिम', 'वेट फॉर मी' यात सर्वनाम शेवटी कसं? बरोबर प्रश्न. याचं उत्तर आपल्या मराठी व्याकरणाच्या पुस्तकातच आहे. दोन वाक्यं घ्या. 'टेबलावर ठेव' आणि 'वर ठेव'. 'वर' तोच. पण पहिल्यात तो टेबलाला चिकटलाय, म्हणून शब्दयोगी अव्यय. दुसऱ्यात तो मोकळा आहे, ठेवायचं कुठे ते सांगतोय, म्हणून क्रियाविशेषण अव्यय. शाळेत मार्कांसाठी पाठ केलं होतं, आठवतंय?

इंग्रजीतही शब्द तोच, कामं दोन. फरक एवढाच की आपलं शब्दयोगी नामाच्या मागे चिकटतं, त्यांचं नामाच्या पुढे उभं राहतं.

पौडच्या बसचंच उदाहरण घ्या. बसमध्ये चढ: 'गेट ऑन द बस'. इथे 'ऑन' बसचा आहे, शब्दयोगी. म्हणून 'गेट ऑन इट'. आता हेल्मेट घाल: 'पुट ऑन द हेल्मेट'. इथे 'ऑन' हेल्मेटचा नाही, घालण्याच्या क्रियेचा आहे. म्हणून 'पुट इट ऑन'. उतरताना पण तेच. बसमधून 'गेट ऑफ इट', हेल्मेट मात्र 'टेक इट ऑफ'.

माझी फजितीही आता उलगडते. 'सी थ्रू इट' मध्ये 'थ्रू' शब्दयोगी आहे: त्याच्या आरपार बघणे, म्हणजे बनाव ओळखणे. 'सी इट थ्रू' मध्ये तो क्रियाविशेषण: शेवटपर्यंत नेणे.

तीन शब्दांचे प्रकारही यातच बसतात. 'पुट अप विथ इट', म्हणजे सहन करणे. 'अप' क्रियेचा, 'विथ' त्या 'इट' चा. म्हणून 'इट' शेवटी, 'विथ' ला धरून. 'लुक फॉरवर्ड टू इट' पण तसंच.

आपल्याकडे मराठी शाळांमध्ये पहिलीपासून इंग्रजी २००० साली सुरू झालं. म्हणजे माझ्या वयाची पोरं पहिलीपासून इंग्रजी शिकली. तरी अशा क्रियापदांची आम्हाला यादी मिळाली, शब्द आणि समोर अर्थ. यादीत 'पिक अप' जोडीनेच असतं, त्यामुळे मधली जागा कधी दिसतच नाही. म्हणून माझी युक्ती सांगतो. नवीन क्रियापद लिहून ठेवताना 'इट' घालूनच लिहा. 'टर्न डाउन' नको, 'टर्न इट डाउन' लिहा. 'लुक आफ्टर' नको, 'लुक आफ्टर इट' लिहा. जागा आपोआप डोक्यात बसते. फोनच्या नोट्समध्ये रोज तीन लिहा, बसमध्ये पुटपुटा. शेजारचा बघेल, बघू दे.

शेवटचं. 'पिकअप मी' म्हणालात तरी समोरच्याला कळतं. गाडी येते. अर्थ उलटणारी 'सी थ्रू' सारखी उदाहरणं थोडीच आहेत. तेव्हा नियम पक्का होईपर्यंत गप्प बसू नका. मी दोन महिने बसलो, त्यात माझं इंग्रजी सुधारलं नाही. सुधारलं ते परत अनम्यूट करून चुकायला लागल्यावर.

तुमचा असा एखादा घोटाळा असेल तर व्हॉइस नोट पाठवा. नाव न सांगता पुढच्या भागात घेऊ. चला, भेटू. आणि मराठीत बोलताना 'पिकअप कर' बिनधास्त म्हणा, ते आपलंच आहे!