हार्दिक मैत्रीचा सौदा

ब्रिटन आणि फ्रान्स यांच्या १९०४ च्या कराराला ‘हार्दिक मैत्री’ म्हणतात. मला त्यात हार्दिक असं फारसं दिसत नाही. दिसते ती देवघेव.

त्याआधी जेमतेम साडेपाच वर्षं हेच देश युद्धाच्या उंबरठ्यावर होते. सुदानात नाईलकाठी फाशोदा नावाचं ठाणं होतं. जुलै १८९८ मध्ये फ्रेंच कॅप्टन मार्शां मूठभर सैनिकांनिशी तिथं पोचला. अटलांटिक किनाऱ्यापासून दोन वर्षांची ती पायपीट! सप्टेंबरमध्ये किचनर गनबोटी घेऊन आला. दोघांनी सभ्यपणे व्हिस्की घेतली आणि वाद लंडन-पॅरिसकडे सोपवला. ब्रिटिश आरमारापुढे निभाव लागणार नाही, हे फ्रेंच परराष्ट्रमंत्री देल्कासे ओळखून होते; शिवाय घरात ड्रायफस प्रकरण पेटलेलं. नोव्हेंबरमध्ये फ्रान्सनं माघार घेतली.

पुढे हेच देल्कासे मैत्रीचे शिल्पकार ठरले. ८ एप्रिल १९०४ रोजी लंडनमध्ये लॅन्सडाउन आणि राजदूत पॉल कांबाँ यांनी सह्या केल्या. न्यूफाउंडलंडची मासेमारी, सयाम, मादागास्कर असे जुने हिशेबही मिटले. मुख्य सौदा मात्र एवढाच: इजिप्तमध्ये फ्रान्सनं ब्रिटनला अडवायचं नाही, मोरोक्कोत ब्रिटननं फ्रान्सला. काही कलमं गुप्त होती. ती १९११ मध्ये उघड झाली. इजिप्शियनांना किंवा मोरोक्कोवासीयांना कुणी विचारलंही नाही. १९१२ मध्ये मोरोक्को फ्रान्सचं संरक्षित राज्य झालं, १९१४ मध्ये इजिप्त ब्रिटनचं.

आणि फाशोदा? फ्रेंचांना ते नाव टोचू नये म्हणून ब्रिटिशांनी १९०४ मध्येच ते बदलून कोडोक केलं.