'निगेटिव्ह' आलं, म्हणजे काय आलं?



सिल्लोड असो, शिवना असो की गोळेगाव, कावीळ म्हटली की डोळे पिवळे दिसले पाहिजेत, अशीच आपली समजूत. कावीळ 'ब' मात्र वर्षानुवर्षं अंगात राहते आणि चेहऱ्यावर काही दाखवत नाही. रक्तदान केलं किंवा ऑपरेशनआधी रक्त तपासलं, की तेव्हा कुठे कळतं. मग डॉक्टर आणखी एक तपासणी सांगतात, 'ई अँटिजेन'ची. ती निगेटिव्ह आली की घरच्यांचा जीव भांड्यात पडतो आणि फाईल कपाटात जाते.

ती फाईल बाहेर काढा, एवढंच आज सांगायचंय.

कावीळ 'ब'च्या विषाणूचा सगळा जनुकीय मजकूर जेमतेम ३२०० अक्षरांचा. नक्कल काढताना तो आधी आरएनए बनवतो, त्यावरून पुन्हा डीएनए. हे काम करणारं त्याचं विकर म्हणजे मूळ प्रतीशी ताडून न पाहणारा नकलनवीस. चुका राहतात, त्यातल्या काही टिकतात. अशा बदलांतून 'ए' ते 'जे' अशा त्याच्या जाती झाल्या. भारतात मुख्यतः 'डी' आणि 'ए', पूर्वेकडे 'सी'सुद्धा.

'डी' जातीत १८९६व्या जागेवरचं एक अक्षर सहज बदलतं, 'ए'मध्ये क्वचितच. ते बदललं की 'ई' प्रथिन, म्हणजे तपासणीतलं 'ई अँटिजेन', बनणंच थांबतं. विषाणू मात्र वाढू शकतो. बऱ्याच जणांत निगेटिव्हचा अर्थ विषाणू शांत झाला असाच असतो, पण काहींत फक्त खूण पुसलेली असते आणि यकृत आतून खराब होत राहतं. पुढे सिरॉसिस, कधी कर्करोग. म्हणून रक्तातला विषाणूचा डीएनए मोजावा लागतो, आणि डॉक्टर सांगतील तसं ठरावीक काळानं यकृत तपासावं लागतं.

२००९ साली गुजरातेत मोडासा परिसरात या काविळीची साथ आली. बरीच माणसं दगावली. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेनं नमुने तपासले, तेव्हा असेच बदललेले विषाणू सापडले. आणि ते पसरले कसे? नीट निर्जंतुक न केलेल्या सिरिंजांमधून. आपल्याकडे सुई टोचल्याशिवाय दवाखान्यात जाऊन आल्यासारखं वाटत नाही. मला तरी या हौसेची विषाणूपेक्षा जास्त धास्ती वाटते. सुई घ्यायचीच झाली, तर पाकीट आपल्यासमोर फोडायला सांगा. डॉक्टरसाहेब रागावले तर रागावू द्या.

जात कुठलीही असो, लस चालते. उपचाराच्या गोळ्या आहेत, टेनोफोव्हिरसारख्या. २०१८ला सुरू झालेल्या राष्ट्रीय कार्यक्रमात त्या सरकारी केंद्रांवर मोफत मिळतात. मनानं बंद मात्र करू नका, आजार उसळतो.

घरात कुणी गरोदर असेल, तर तिची कावीळ 'ब'ची तपासणी आत्ताच करून घ्या. ती पॉझिटिव्ह असली तर बाळाला २४ तासांच्या आत लस आणि सोबत इम्युनोग्लोब्युलिनचं इंजेक्शन लागतं. त्याची सोय कुठे आहे, हे बाळंतपणाआधीच विचारून ठेवा.