पहारेकरी आणि कोठावळा



समजा, एका गावात सहकारी सोसायटीचे बियाण्याचे गोदाम आहे. चांगले बी तयार करणाऱ्या प्रत्येक शेतकऱ्याला तिथे एकेक खण नेमून दिला आहे. ज्याने त्याने आपल्याच खणात बी भरायचे, आणि गावाने ज्या खणावर विश्वास असेल त्यातून पेरणीसाठी न्यायचे, अशी रीत. दारावर एक पहारेकरी बसतो, आत एक कोठावळा असतो.

एके दिवशी एक गृहस्थ पोते घेऊन आले. पोत्याला बाहेरून चिठ्ठी बांधली होती : ‘खण 12’. पहारेकऱ्याने वही पाहिली. गृहस्थ ओळखीचे आणि खण 12 त्यांचाच. ‘जा आत,’ तो म्हणाला. आत कोठावळ्याने पोत्याचे तोंड सोडले, तर आत दुसरी चिठ्ठी : ‘खण 40’. कोठावळा मनाशी म्हणाला, ‘दारावर तपासणी झालीच आहे, आपण कशाला पुन्हा विचारायचं?’ आणि त्याने ते बी खण 40 मध्ये ओतले. आता खण 40 होता गावातल्या सर्वांत भरवशाच्या शेतकऱ्याचा. निम्मे गाव त्यातूनच बी नेई!

पाहा बरं, पहारेकऱ्याने आपले काम चोख केले. कोठावळ्यानेही चिठ्ठी वाचूनच माल टाकला. चोर शोधायला गेलो तर दाराचे कुलूपही शाबूत. मग खोट कुठे होती? खोट होती दोघांच्या मधल्या जागेत. एकाने बाहेरची चिठ्ठी वाचली, दुसऱ्याने आतली.

ही गोष्ट मी रचून सांगितली. पण नेमकी अशीच खोट 2021 साली जगातल्या एका फार मोठ्या भांडारात सापडली. ते भांडार बियाण्याचे नव्हते, संगणकाच्या आज्ञावलींचे होते. त्याचे नाव एनपीएम.

हे भांडार काय करते, ते आधी सांगतो. आपण मोबाइलवर बाजारभाव पाहतो, परीक्षेचा निकाल पाहतो. असली बहुतेक पाने जावास्क्रिप्ट नावाच्या भाषेत लिहिलेल्या आज्ञांचा आधार घेतात. प्रत्येक प्रोग्रॅमर सगळ्या आज्ञा स्वतः लिहीत बसत नाही. कुणी तारीख मांडण्याचा तुकडा लिहिलेला असतो, कुणी आकडे जुळवण्याचा. हे तयार तुकडे, म्हणजे पॅकेजेस, एनपीएमच्या भांडारात ठेवलेले असतात. 2010 मध्ये ते सुरू झाले, आणि 2021 पर्यंत त्यात दहा लाखांहून अधिक पॅकेजेस जमली होती. 2020 पासून ते गिटहब या कंपनीच्या ताब्यात आहे.

एकेका तुकड्यावर किती जण विसंबून असतात? मार्च 2016 मध्ये एका लेखकाने भांडाराशी मतभेद झाल्याने आपली पॅकेजेस काढून घेतली. त्यात अवघ्या 11 ओळींचे एक पॅकेज होते. अक्षरांच्या ओळीला डावीकडून भर घालून ती ठरावीक लांबीची करायची, एवढेच त्याचे काम. पण ते नाहीसे होताच जगभरच्या प्रोग्रॅमरांची कामे अडली, आणि ते पॅकेज त्याच दिवशी परत ठेवावे लागले. एक लहान तुकडा नाहीसा झाला तर एवढा गोंधळ. मग त्या नावाने कुणी भलताच, विषारी तुकडा आणून ठेवला तर? तो न दिसता हजारो ठिकाणी जाऊन बसेल.

म्हणूनच प्रत्येक पॅकेजचा मालक ठरलेला असतो, आणि नवी आवृत्ती त्यानेच ठेवायची असा नियम असतो. 2 नोव्हेंबर 2021 रोजी गिटहबला दोष शोधणाऱ्यांकडून कळवण्यात आले की, हा नियम मोडता येतो. कुणीही साधा खातेदार दुसऱ्याच्या पॅकेजची नवी आवृत्ती ठेवू शकत होता! कसे? भांडाराचे काम अनेक लहान यंत्रणांत वाटलेले होते. अधिकार तपासणारी यंत्रणा पाहत होती विनंतीच्या पत्त्यात लिहिलेले पॅकेजचे नाव. प्रत्यक्ष नोंद करणारी यंत्रणा पाहत होती पाठवलेल्या फाइलच्या आतले नाव. पत्त्यात स्वतःच्या पॅकेजचे नाव घालायचे, फाइलमध्ये दुसऱ्याच्या. पहारेकऱ्याने खण 12 वाचला आणि कोठावळ्याने खण 40 भरला!

इथे शिक्षक बंधुभगिनींनी एक भेद वर्गात जरूर समजावून द्यावा. ओळख वेगळी आणि अधिकार वेगळा. ‘तू कोण?’ हा पहिला प्रश्न. परवलीचा शब्द आणि मोबाइलवर येणारा ओटीपी त्याचे उत्तर देतात. ‘तू जे करायला निघालास, ते नेमक्या ह्याच वस्तूवर करण्याची तुला मुभा आहे का?’ हा दुसरा प्रश्न. पुष्कळ लोकांना वाटते की ओटीपी लावला म्हणजे सारे सुरक्षित झाले. या घटनेत ओटीपीने काहीच साधले नसते, कारण आत येणारा माणूस खोटा नव्हताच. तो स्वतःच्याच नावाने, स्वतःच्याच परवलीने येत होता. ओळख खरी होती. अधिकार भलत्या वस्तूवर चालत होता.

मग उपाय काय? गिटहबने कळल्यापासून सहा तासांच्या आत तो केला, आणि ऐकायला तो अगदी साधा आहे. ज्या नावावर अधिकार तपासला, त्याच नावावर काम झाले पाहिजे. दोन्ही यंत्रणांनी एकच नाव वाचायचे. आपल्या गोदामात म्हणायचे तर पहारेकरी आणि कोठावळा दोघांनी एकच चिठ्ठी पाहायची, आणि आतबाहेरच्या चिठ्ठ्या जुळल्या नाहीत तर पोते आल्या वाटेने परत. ‘होईल काहीतरी चूक, टाका आत,’ हे चालायचे नाही. शंका आली की नकार, हा अधिकाराच्या कामातला मूळ नियम.

दुसरी गोष्ट, कोठावळ्याने ‘दारावर पाहिलंच असेल’ असे गृहीत धरता कामा नये. खणाचे झाकण जो उघडतो, त्याने उघडतानाच विचारावे. काम अनेक हातांत वाटले की प्रत्येकाला वाटते, दुसऱ्याने पाहिले असेल. कचेरीतल्या कागदांचे काय होते, हे मी आपल्याला सांगायला नकोच.

तिसरी गोष्ट नोंदवहीची. हा दोष बाहेर आल्यावर सर्वांनी विचारले, याआधी कुणी त्याचा गैरफायदा घेतला होता काय? गिटहबने उत्तर दिले की, सप्टेंबर 2020 पासूनच्या नोंदी उपलब्ध आहेत, आणि त्या काळात गैरवापर झालेला नाही असे खात्रीने सांगता येते. पण दोष त्याहूनही जुना होता. त्याआधीच्या काळाबद्दल छातीवर हात ठेवून काही सांगता येईना, कारण वहीच नव्हती. दारावर कुलूप जितके गरजेचे, तितकीच कोण कधी आला आणि काय ठेवून गेला याची वहीही गरजेची.

आणि चौथी गोष्ट माणसांची. हा दोष ज्यांना सापडला, त्यांनी तो वापरला नाही, मालकाला कळवला. दोष कळवणाऱ्याला बक्षीस देण्याची रीत त्या कंपनीने आधीच घालून ठेवली होती. आपल्या देशातही अशा गोष्टी कळवण्यासाठी ‘सर्ट-इन’ ही सरकारी यंत्रणा 2004 पासून काम करते आहे. वर्गातल्या एखाद्या मुलाने येऊन सांगितले की, ‘गुरुजी, निकालाच्या पानावर पत्त्यातला क्रमांक बदलला की दुसऱ्याचे गुण दिसतात,’ तर त्याला चोर ठरवून दटावू नका. दुसऱ्यांचे निकाल आणखी उघडून पाहू नकोस, एवढे त्याला बजावा, आणि ज्यांचे पान आहे त्यांच्यापर्यंत ती गोष्ट पोचवा. त्याने सांगितलेली खोट हीच आपली आजची खोट. पानाने त्याला ओळखले, पण नेमक्या त्या निकालावर त्याचा अधिकार आहे का, हे विचारलेच नाही. संकेतस्थळांचे दोष मोजणाऱ्या ओवास्प या संस्थेने 2021 च्या यादीत याच जातीच्या दोषांना पहिला क्रमांक दिला.

जी मुले संगणक शिकतात, त्यांना एक सोपी परीक्षा शिकवता येईल. काही नवे तयार केले की स्वतःच दोन खाती उघडावीत. पहिल्या खात्यात काही ठेवावे, आणि दुसऱ्या खात्यातून ते बदलण्याचा हरप्रकारे प्रयत्न करावा. पत्त्यात एक नाव आणि आत दुसरे, असाही. बदलता आले, तर दार उघडे आहे. ही परीक्षा मात्र आपल्याच घराच्या दाराची घ्यायची, शेजाऱ्याच्या नव्हे.

मंडळी, विश्वासावर चालणारे भांडार हे मोठे धन आहे. कुणी कुठल्या देशात बसून लिहितो आणि ते आपल्या गावातल्या मोबाइलवर उपयोगी पडते, ही सहकाराचीच एक तऱ्हा म्हणायची. पण सहकार टिकतो तो नुसत्या भल्या माणसांवर नव्हे, तर नीट ठेवलेल्या चिठ्ठीवर आणि वहीवर, हे आपल्या सोसायट्यांनी आपल्याला केव्हाच शिकवले आहे. पहारेकरी जागा असला आणि कोठावळा प्रामाणिक असला, तरी दोघे एकच चिठ्ठी वाचत आहेत ना, एवढे कुणीतरी पाहायला हवे.